अकराशे एक्कावन्न

जेल रोडला तळघरात माझं दुकान, आठ बाय सहाचं.
डोक्यावर पोह्यांची गाडी. झारा कढईला आपटला
की समजायचं नऊ वाजले, शटर वर.

देवासच्या पहिल्या बसने चंद्रेश मालवीय आला.
हातात पोळीचा डबा, डब्यात रुमाल,
रुमालात प्रोसेसर, आठव्या पिढीचा.
पाठीवरच्या पिशवीत मदरबोर्ड,
मामेभावाने सायबर कॅफे बंद करताना दिलेला,
दोन वर्षं जुना.
"नंबर मिळतो, मॅडमजी. दोन्हीवर अकराशे एक्कावन्न."

मिळतो.
अकराशे पन्नासचा असता तर मी हातात घेऊनच सांगितलं असतं,
खाचा निराळ्या, बसायचाच नाही, जा बाबा,
सराफ्यात रबडी खा आणि घरी जा.
पण हा बसतो.

त्रिकोणापाशी त्रिकोण आणला, सोनेरी.
सोडला.
(दाबायचं नसतं, नुसतं सोडायचं असतं.
इल्यासला हे शिकवताना माझे दोन बोर्ड गेले.)
तरफ ओढली. ती बारीक करकरली,
नवं गिऱ्हाईक तिथे हमखास डोळे मिटतं.
पंखा फिरला. हिरवा दिवा लागला.
पडदा काळा.

"फिरतोय तर," चंद्रेश म्हणाला.
पंखा काय, कशावरही फिरतो.

शेजारचे झंवर म्हणतात, बाई, तुम्ही पत्रिका जुळवता.
कसली पत्रिका!
तिथे अठरा गुणांवर लग्नं लागतात.
इथे अकराशे पन्नास जुळले
आणि एक रुसला, तर कोण विचारतो?

भिंगाखाली धरून दाखवलं त्याला.
हे बघ, ठिपके तेवढेच, जागाही त्याच.
पण इथला हा जुन्या बोर्डावर रिकामा असायचा,
कुणी कामच सांगितलं नव्हतं त्याला.
नव्याने त्याच्याकडून वीज मागितली.
आता दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत
आणि अंधार आहे.

सांगता सांगता मला धायरी आठवली.
पुण्यात सहा महिने नोकरी केली मी, एवढीच.
आमची मराठी रामबागेतली, चार पिढ्यांची,
आत्या तर शुद्धलेखन तपासायची पोस्टकार्डांचं.
पहिल्याच आठवड्यात ऑफिसात मी म्हणाले,
लाईट चालली गेली.
सोनल परचुरेने मान वर केली.
"कुठे गं? चालत?"
सगळे हसले, मीही.
वाईट नव्हती ती, डबा वाटून खायची.
पण त्यानंतर मी आधी मनात वाक्य लावून बघायचे,
खाच, त्रिकोण,
आणि तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं.

"परवा ये," इल्यास मधेच म्हणाला त्याला.
मी डोळे वटारले. तो चिमटा पुसत राहिला.

खजरान्याला घरी बसून त्याने रात्रभर काय केलं,
बोर्डाची कोणती समजूत कुठून बदलली, मी विचारलं नाही.
तिसऱ्या दिवशी पिवळ्या टेपचा तुकडा कापला,
तांदळाच्या कणीहून लहान,
आणि चार ठिपक्यांवर श्वास रोखून डकवला.
तोंडं बंद केली त्यांची. जे मागायचं नाही ते मागू नका.
बटणाकडे बोट नेलं

आणि तळघर काळंकुट्ट.

"लाईट चालली गेली," मी म्हणाले.
"आ जाएगी, मॅडमजी," अंधारातून चंद्रेश.

वर झारा वाजत होता.
आम्ही कागदातले पोहे चाचपडत खाल्ले,
जिरावण जरा जास्तच पडलं होतं.

वीज आली. इल्यासने बटण दाबलं.
पंखा. दिवा. मी पडद्याकडे बघितलंच नाही,
चंद्रेशच्या चष्म्यात बघितलं:
पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली, उलटी,
मग दुसरी.

बिल साडेतीनशेचं केलं.
खाली सवयीने लिहिलं, वॉरंटी नाही.
पेन तिथेच थोडा वेळ टेकून राहिलं.
मग शिक्का मारला.